परशराम इन्व्हर्टरवाला

परशराम देवालासुद्धा एका हातानं नमस्कार करतो. डावा हात पँटच्या खिशात. गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला सगळे टाळ्या वाजवत असतात आणि हा आपला उजव्या हातानं मांडी बडवत उभा असतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पुतणीच्या लग्नात अक्षता टाकल्या त्या एका हातानं. व्याहीभेटीला समोरच्यानं दोन्ही हात पसरले तर हा एका बाजूनं जाऊन चिकटला. वरपक्षात कुजबूज सुरू झाली की पोरीच्या चुलत्याचा एक हात अधू आहे आणि ते आधी सांगितलं नाही.

हात अधू वगैरे काही नाही. धंद्याची सवय आहे. बेळगावात खानापूर रोडला एका बंद पडलेल्या फौंड्रीच्या शेडात परशराम हायब्रीड गाड्यांचे इन्व्हर्टर दुरुस्त करतो. हायब्रीड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर यांचा एका बॉनेटखाली चाललेला संसार. बॅटरीची वीज मोटरला मानवेल अशी करून देणारा ॲल्युमिनियमचा जो पेटारा असतो, तो इन्व्हर्टर. त्यात वीज अशी की हात लागला तर सरळ वरच. परशरामचं म्हणणं, दोन्ही हात लावले की करंट एका हातातनं शिरतंय आणि काळजावरनं जाऊन दुसऱ्या हातातनं भायेर पडतंय. एक हात खिशात ठेवला की काळजाचा रस्ता बंद. हे तो इतक्या गंभीरपणे सांगतो की पहिल्या भेटीत मीसुद्धा पर्स खांद्याला अडकवून एक हात मागं घेतला होता.

मी दिवाणी कोर्टात वकिली करते. माणसं बघून बघून माझे डोळे पिकलेत. पण आपल्या अशिलांना परशरामएवढं धाकात ठेवणारा माणूस मी बेंचवरही बघितला नाही. गाडी आली की तो आधी सीटखालचा नारिंगी प्लग उपटतो आणि उजवा हात वर करतो. म्हणजे सुतक सुरू. इन्व्हर्टरच्या पोटात वीज साठवणारे कपॅसिटर असतात, प्लग काढला तरी त्यांचा जीव लगेच जात नाही, म्हणून दहा-पंधरा मिनिटं कुणी बॉनेटजवळ जायचं नाही. इथपर्यंत ठीक. पण बोलायचंही नाही. समोरच्या टपरीवरनं चहा यायचा, तो सगळ्यांनी गप प्यायचा. एकदा एका डॉक्टरीणबाईंनी मध्येच विचारलं, अहो, वीज जायला आमचं बोलणं आडवं येतंय का? तर म्हणाला, "तुमचं न्हाय हो, माझं ध्यान जातंय. मेलंय म्हणून जवळ गेलं की उठून थोबाडीत मारतंय ते." बाईंनी कप खाली ठेवला आणि दोन पावलं मागं सरकल्या. मीटरनं शून्य दाखवलं की मगच त्याचा डावा हात खिशातनं बाहेर येतो.

घरात तो आमच्यासारखाच मराठी, पण इन्व्हर्टरशी कन्नडमध्ये बोलतो. स्क्रूसुद्धा ओंदू, एरडू, मूरू करत मोजतो. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, मराठीत बोललं तर मशीन वाद घालतंय.

आणि गर्व म्हणाल तर लई. "बदलायला कुणालाबी येतंय आक्का, का मेलं ते सांगा," हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, "आपलं चुकत न्हाय." गिऱ्हाईक गाडी परत घेऊन आलं की सगळा दोष गिऱ्हाइकाचा, रस्त्याचा, नाहीतर पेट्रोलचा. एका प्राध्यापकांशी त्यानं वर्षभर अबोला धरला होता, कारण ते 'कदाचित तुमच्याकडून राहून गेलं असेल' एवढंच म्हणाले होते. शेवटी प्राध्यापकांनीच येऊन माफी मागितली. गाडी अडली होती, करतात काय.

माझी गाडी पंधरा वर्षांची आहे. जपानी, पांढरी. पुण्याला निघालेल्या एका डॉक्टरांकडून मी ती घेतली आणि घरी आणली, तेव्हा आमचे आप्पा पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चालू कर की." मी म्हटलं, चालू आहे. "मग आवाज कुठाय?" आवाज नसतो म्हटल्यावर खाली उतरून त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि पुन्हा येऊन बसले. गाडी हाय का भूत, म्हणाले. पण आठवड्याभरात त्यांचा तिच्यावर जीव जडला.

आप्पा म्हणजे माझे वडील. निपाणीत तंबाखूच्या एका वखारीची जीप त्यांनी तीस वर्षं चालवली. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून जायची. मागं तंबाखूची पोती, नाकात त्याचा झणझणीत खाट आणि पुढं तवंदीचा घाट. अर्ध्या घाटात जीपचं पाणी हमखास उकळायचं. आप्पा बाजूला घ्यायचे, रेडिएटरच्या टोपणावर ओलं पोतं टाकून ते हळूच फिरवायचे आणि वाफेचा लोट वर गेला की माझ्याकडं बघून हसायचे. मग डब्यातलं पाणी ओतायचं, बिडी ओढायची, गाडी गार होईपर्यंत मला खालची निपाणी दाखवायची. ती बघ वखार, ती बघ तुझी शाळा. उशीर झाला म्हणून कुणाची ओरड नसायची. पाणी बघितल्याबिगर घाट न्हाय, हा त्यांचा कायदा. मला तर वाटायचं घाट त्यासाठीच केलाय. अजून त्या वळणावर आलं की मला बिडीचा वास येतो. खरंच येतो, खोटं सांगत नाही.

आता ते ब्याऐंशीचे आहेत. आई गेल्यापासून माझ्याकडं, बेळगावातच शहापूरला. गाडी चालवत नाहीत, पण रोज सकाळी अंघोळ, तुळशीला पाणी आणि मग गाडी पुसणं. बॉनेट उघडून आत डोकं घालून बराच वेळ उभे असायचे. मला वाटायचं बघत असतील, बघू देत.

माझा भाऊ पुण्याला असतो, नवव्या मजल्यावर. मनानं वाईट नाही, पण काळजी करायला लागला की हुकूम सोडतो. गेल्या वर्षी आप्पांनी दूध गॅसवर ठेवलं आणि देवळात जाऊन बसले. त्यानंतर एकदा शहापूरची बस सोडून भलत्याच बसमध्ये बसले आणि गावाबाहेर काकतीला जाऊन उतरले, तिथल्या एका दुकानदारानं मला फोन केला. तेव्हा दादानं स्पष्ट सांगितलं की आता आणखी एक जरी गडबड झाली, तर मी आप्पांना घेऊन जाणार, तू कोर्टात असतेस, लक्ष कोण ठेवणार. आप्पांनी ते ऐकलं. फडकं घेऊन गाडीची काच पुसायला गेले. पुण्याला नवव्या मजल्यावर ते काय पुसणार होते, हा विचार माझ्या डोक्यातनं जाईना.

आणि या वैशाखात गडबड झाली. आप्पांच्या वखारीतल्या जुन्या मित्राच्या नातवाचं लग्न होतं निपाणीत. येताना तवंदी घाटात, अगदी जीप थांबायची त्याच्या जरा पुढं, डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला आणि गाडी गपकन थांबली. आप्पा उतरले आणि म्हणाले, "पाणी उकळलं असंल." मी म्हटलं, आप्पा, ही जीप नव्हे. टेम्पोवर घालून गाडी बेळगावला आणली. एका सर्व्हिस सेंटरातल्या टाय लावलेल्या साहेबांनी कॉम्प्युटर जोडला आणि सांगितलं, इन्व्हर्टर गेला, आख्खा नवा घाला, त्यापेक्षा गाडी भंगारात घातलेली बरी. दादाला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "आप्पा रोज बॉनेट उघडून काय करतात?" मी म्हटलं, बघतात. म्हणाला, का जळलं ते मेकॅनिककडून लेखी घे, मी रविवारी येतो.

म्हणून गाडी परशरामकडं. दिवाळीच्या आधी गाडीची सर्व्हिसिंग त्यानंच केली होती. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि उलटतपासणी घेतली. कुठल्या वळणाला थांबली? एसी चालू होता? आधी जोर कमी झाला का एकदम मेली? वास कसला आला? मी जन्मभर लोकांना हेच करत आले, पण स्टुलावर बसून बघितलं तेव्हा कळलं साक्षीदाराच्या तोंडाला कोरड का पडते. वासाचं काही मला सांगता येईना. आप्पा दारातनं म्हणाले, "गूळ करपल्यागत." परशरामनं पहिल्यांदा आप्पांकडं नीट बघितलं. "हे बघा," म्हणाला, "ह्यांस्नी कळतंय."

शनिवारी मी एकटी गेले. सुतक पाळून, चहा पिऊन त्यानं पेटारा उघडला. आत एका पट्टीवर मोहरीएवढा काळा डाग. एवढ्याशा डागानं आख्खी गाडी आडवी झाली होती. तशाच एका अपघातातल्या गाडीचा चांगला इन्व्हर्टर त्यानं कोल्हापूरहून मागवून, तपासून ठेवला होता. तासाभरात बसला असता. पण हा बसवेना. का मेलं? स्वतःशीच कन्नडमध्ये पुटपुटत तो खाली वाकला. इन्व्हर्टर गार ठेवायला वेगळी छोटी टाकी असते, तिच्यात गुलाबी कूलंट असतं आणि एक मुठीएवढा पंप ते फिरवत राहतो. त्यानं पंप खोलला. आत पांढरा थर, आमच्या अंघोळीच्या बंबात बसतो तसा. बोअरचं पाणी. आणि पंपाच्या पात्यात अडकलेलं काहीतरी काळं, उकडलेलं. चिमट्यानं काढून त्यानं ते पेपरवर ठेवलं.

तुळशीचं पान होतं. मंजिरीसकट.

मला सगळं एकदम दिसलं. सकाळचा तांब्या, अर्धं पाणी तुळशीला, आणि उरलेलं अर्धं कुठं जायचं हे मी कधी विचारलंच नव्हतं. पाणी बघितल्याबिगर घाट न्हाय. महिनोन्‌महिने त्यांनी त्या गाडीला जपून, मनापासून पाणी पाजलं होतं, आणि त्याच पाण्यानं ती मेली होती.

मी परशरामला सगळं सांगून टाकलं. जीप, घाट, दूध, काकती, नववा मजला. तो ऐकत होता. शेवटी मी विचारलं, उद्या दादाला काय सांगणार? म्हणाला, "जे हाय ते. आपलं चुकत न्हाय आक्का, आणि आपण खोटं बोलत न्हाय." साक्षीदार कसा पढवायचा ते मला चांगलं येतं. बावीस वर्षांत कधी केलं नाही असं म्हणणार नाही. पण या माणसाला पढवायचा नाद मी सोडला. नमस्कार करून घरी आले.

रविवारी आम्ही तिघं गेलो. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, डोक्यावर टोपी. वाटेत एकदाच म्हणाले, "सुमे, माझ्याकडनं काय झालं न्हाय न्हवं?" मी पर्सची चेन लावली आणि रिक्षाच्या बाहेर बघत बसले. दादानं रिक्षातनं उतरल्या उतरल्या विषयाला हात घातला. गाडी तयार होती, कोल्हापूरचा इन्व्हर्टर बसला होता. गाडीकडं न बघता दादानं विचारलं, मिस्त्री, सरळ सांगा, हे कशानं जळलं? घरच्या कुणी काही केलं का?

परशराम फडक्यानं हात पुसत होता. त्यानं दादाकडं बघितलं, मग आप्पांकडं. आप्पा टोपी काढून हातात धरून उभे होते.

"माझं चुकलं," परशराम म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"दिवाळीला मीच पाणी बदललतो. हवा काढायची ऱ्हायली. हवा अडकली की पंप फिरत न्हाय, आन् पंप फिरला न्हाय की हे जळतंय. घरच्यांचा काय संबंध न्हाय. माझीच चूक."

दादाला राग काढायला माणूस मिळाला. एवढ्या मोठ्या गोष्टीत अशी हयगय, माणसं घाटात मेली असती म्हणजे, तुम्हाला कोणी मेकॅनिक केलं, वगैरे. शेजारच्या गाळ्यातली दोन माणसं ऐकायला येऊन उभी राहिली. प्राध्यापकांशी वर्षभर न बोलणारा परशराम मान खाली घालून सगळं ऐकत होता. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप बसले.

दादाला थांबवलं ते आप्पांनी. ते पुढं झाले आणि परशरामच्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे रं," म्हणाले, "माणसाकडनं चुकतंय. मी तीस वर्षं गाडी चालवलोय, मला ठावं हाय. तू मनाला लावून घिऊ नगो."

परशरामनं मान हलवली. "व्हय आप्पा," एवढंच म्हणाला आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. बराच वेळ काढलं नाही. मग तिथनंच त्यानं आप्पांना जवळ बोलावलं. टाकीचं टोपण काढून दाखवलं. गाडी चालू केली की आतलं गुलाबी पाणी असं हललं पायजे, दिसतंय? हे रोज सकाळी बघायचं. वतायचं कायबी न्हाय, थेंबसुद्धा न्हाय. नुसतं बघायचं आणि मला फोन करायचा. "माझा आता माझ्यावरच भरवसा न्हाय आप्पा. तुमी ध्यान ठेवा." आप्पांनी टोपी डोक्यावर घातली आणि वाकून टाकीत बघितलं.

दादा संध्याकाळी पुण्याला एकटाच परत गेला. जाताना मला म्हणाला, मेकॅनिक बदल.

दोन दिवसांनी कोर्ट सुटल्यावर मी शेडात गेले. का खोटं बोललास, म्हणून सरळ विचारलं. त्यानं आधी उडवून लावलं. मग स्टूल पुढं सरकवलं. हे शेड सुरुवातीला त्याच्या वडलांचं होतं. फौंड्रीच्या जळलेल्या मोटरींत ते इथं बसून नवी तार भरायचे, वाइंडिंग. गावात नाव होतं. पुढं डोळे गेले, पण कुणाला सांगितलं नाही. एकदा एक मोटर उलटी भरली गेली आणि जोडल्याबरोबर जळली. परशराम तेव्हा नुकताच आयटीआय करून आला होता. चार गिऱ्हाइकं उभी असताना त्यानं वायर उचलून दाखवली की बा, हितं तुमचं चुकलंय.

"खरंच चुकलतं आक्का. मी बरोबर हुतो. बा उठला, टावेल झटकला आन् घरला गेला. परत हितं आला न्हाय. अकरा वर्षं दारात खुर्ची टाकून बसून ऱ्हायला, मला एक शब्द बोलला न्हाय." "परवा तुमचं आप्पा बोललं न्हवं, माणसाकडनं चुकतंय म्हणून. तेवढंच मी तवा बाला म्हणायचं हुतं. दुसरं काय न्हवतं."

परशरामनं लग्न केलं नाही, घरी एकटाच असतो, हे मला माहीत होतं. का, ते कधी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. चहा आला, तो आम्ही प्यालो.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता आप्पा त्याला फोन लावतात. पाणी हलतंय, एवढाच निरोप. पण निरोपाला हळूहळू पाय फुटले. घाटातल्या जुन्या गोष्टी, कुठल्या जीपला कुठला रेडिएटर, आज काय जेवलास, आमटी का नुसतं दही-भात. कधी कधी मी कोर्टाला निघते तरी फोन चालूच असतो. गूळ करपल्याचा वास कसा ओळखायचा, यावर दोघं एकदा पाऊण तास बोलले.

गेल्या महिन्यात आप्पांना ताप आला. रात्रभर अंग कढत होतं, पहाटे कुठं डोळा लागला. मी उठवलं नाही. साडेसातला फाटक वाजलं. परशराम उभा होता, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायात दोन वेगळ्या चपला. इतक्या वर्षांत तो कधी घरी आला नव्हता.

"फोन आला न्हाय," म्हणाला.

ताप आहे म्हटल्यावर तो गाडीच्या बाजूनं सरळ आत गेला आणि आप्पांच्या उशाशी जाऊन बसला. आप्पांनी डोळे किलकिले केले. "परश्या, पाणी बघायचं ऱ्हायलं रं," म्हणाले.

"मी बघितलं आप्पा," तो म्हणाला. "हलतंय. तुमी पडा."

गाडीकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नव्हतं. मी दारातच उभी होते, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. आत गेले आणि तिघांचा चहा ठेवला.